विहिरीला सुतक नाही

भिकुबाईच्या घरात पाणी चार जन्म घ्यायचं. पहिल्या जन्मी ते अंगावर पडायचं. न्हाणाऱ्यानं बाजेवर बसायचं, बाजेखाली परात ठेवायची, म्हणजे थेंब वाया जायला नको. परातीतल्या पाण्यात दुसऱ्या जन्मी लुगडी-धोतरं निघायची. ती पिळली की तेच गढूळ पाणी शेणात कालवून जमीन सारवायची, आणि त्यातूनही काही उरलं तर ते शेवटच्या जन्मी अंगणाच्या कडेच्या शेवग्याच्या बुडाशी जायचं. भांडी राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसायची. विसळायची चैन तिनं होळीपासूनच बंद केली होती. बाजरी धुतलेलं पाणी शेळी प्यायची. एखादा पाहुणा तांब्यात घोटभर उष्टं ठेवून उठला, तर तो गल्ली वळेपर्यंत भिकुबाई त्याच्या पाठीकडे बघत राहायची, आणि तिच्या मनात जे यायचं ते पाहुण्याला ऐकवण्यासारखं नसायचं.

मानमोडीच्या साथीनंतरचा तो तिसरा उन्हाळा. पावसानं तोंड काळं केलेलं. धुळ्यापासून तीन कोसांवरच्या नांदरखेड्यात गावविहीर माघातच आटली. बाया नाल्याच्या वाळूत झिरा उकरून बसायच्या आणि पाझरेल तसं करवंटीनं उपसायच्या. एक घागर भरायला निम्मी सकाळ जायची. मधे धुळ्याहून एक सरकारी माणूस आला. त्यानं चावडीवर पुरुषांना जमवून सांगितलं, की पाणी जपून वापरा. पुरुषांनी माना डोलावल्या. मग तो गिरधर नानाच्या मळ्यातल्या विहिरीवर गेला, पोहराभर पाण्यानं त्यानं पाय धुतले, दुसऱ्या पोहऱ्यानं तोंड धुतलं, आणि तो घोड्यावर बसून निघून गेला. ज्या बाया पाणी जपत होत्या त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि त्यांना यायला वेळही नव्हता.

एवढ्या टंचाईत भिकुबाईनं काटकसरीनं पाणी साठवलं होतं. स्वयंपाकघरात गळ्यापर्यंत पुरलेला रांजण भरला होता. त्याच्या शेजारी वाळूत बसवलेले माठ, वर ओलं फडकं, त्यावर थाळी. रोजच्या घागरीतून तांब्या-तांब्या बाजूला काढून तिनं हे जमवलं, ते लेकीसाठी. शेवंता पाचोऱ्याकडे दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. पोट खाली उतरलं होतं. सुईण ताईबाई येऊन हात लावून गेली आणि जाताना दारात थांबून म्हणाली, "पोरीनी काळजी मी करसू. तू पानी राख. मागला महिनामा त्या पाटीलवाडानी पोर गई, ती बाळंतपनमा नही गई, नंतर गई. धोवाले पानी नव्हतं. आंग फनफननं अन् गई."

भिकुबाईनं पाणी राखलं होतं. आता प्रश्न म्हाताऱ्याचा होता.

म्हातारा म्हणजे झिपरू आबा, तिचा सासरा. ओसरीवर बाजेला खिळून त्याला महिना झाला होता. आता अन्न सुटलं होतं, पाय सुजले होते, नाक वाकडं झालं होतं. बघायला येणारा जो तो ओटा उतरताना म्हणायचा, आज-उद्या. कौतिक, म्हणजे भिकुबाईचा नवरा, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. तो आठवडी बाजारालाच घरी यायचा. त्यामुळे म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं, लेकीचं पोट आणि झिरा, तिन्ही एकट्या भिकुबाईच्या कंबरेवर.

आणि रीत अशी, की घरात माणूस मेलं की घरात भरलेलं पाणी बाटतं. ते सगळं ओतायचं. मातीची भांडी फोडायची, तांब्या-पितळेची उलथून घासायची. सुतक माठाला लागतं, रांजणाला लागतं, देवघरातल्या पळीला लागतं. विहिरीला लागत नाही. आता ज्याच्या मळ्यात विहीर आहे त्याचं यात जातं काय? दोन मडकी. ज्याची विहीर नाही त्याचा महिना जातो. ही रीत कोणी घातली ते गावात कोणी सांगू शकत नाही. पण घालणारा तहानलेला नव्हता, एवढं मी पैजेवर सांगतो.

भिकुबाईला ही रीत कोणी शिकवायला नको होती. मानमोडीत या घरातून आधी सासू गेली, मग चौथ्या दिवशी थोरला वना. ते सालही पावसाविना गेलेलं. वनाचा हात तिच्या हातात अजून कोमट होता, तोच अंगणातून आवाज आला, "पानी उलथा." तिनं रडण्याच्या आधी माठ उलथले. अंगण ते पाणी असं पिऊन गेलं की ओल सुद्धा दिसेना. पुढं वना आठवला की तिला ते पाणीही आठवायचं, दोन्ही जोडीनंच, आणि याची तिला लाज वाटायची. कोणाला सांगणार?

म्हणून तिनं ठरवलं, की मरण घरात यायच्या आधी पाणी घराबाहेर काढायचं.

भिंतीला भिंत लागून सुगंधाबाईचं घर. ती शिंप्याची, म्हणजे भाऊबंदकीतली नाही. या घरचं सुतक त्या घराला नाही. भर दुपारी, गल्लीत कुत्रंही सावली सोडत नव्हतं तेव्हा, भिकुबाई पहिला माठ डोक्यावर घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

सुगंधाबाईनं माठ पाहिला, भिकुबाईला पाहिलं, आणि तिला कळलं. "काय वं माय, मानूस मराना पहिले पानीच माहेरले धाडी ऱ्हायनी का?"

"तुनं घर माहेर समज. कोपरामा जागा दे."

"जागा देस. पन मना घरमा बी पाच तोंडं शेत, त्यासनी हात लावा तं माले बोलू नको."

"हात लावा तं हात तोडसू," भिकुबाई म्हणाली. दोघी हसल्या. हसायलाही तोंड कोरडंच होतं.

माठ गेले. मग ती रांजणाकडे वळली. पुरलेला रांजण हलत नाही. तांब्या-तांब्यानं घागरीत उपसायचा, घागर पोचवायची, परत यायचं. प्रत्येक फेरीला ओसरीवरून, आबाच्या बाजेच्या पायथ्यावरूनच जावं लागायचं. घराला दुसरं दार नव्हतं. आबाचे डोळे मिटलेले होते. तीन दिवसांत त्यानं शब्द काढला नव्हता. ती पाय न वाजवता जात होती, पण भरल्या घागरीला डचमळायची खोड असते.

"भिकू."

ती थांबली.

"पानी कोठे ली चालनी?"

"सुगंधाबाईना घर, आबा."

"का बरं?"

 म्हाताऱ्यानं डोळे उघडले. त्या डोळ्यांत आता काही उरलं नव्हतं, पण होतं तेवढं सगळं तिच्या डोक्यावरच्या घागरीवर लागलं होतं.

"मी मरी गऊ का वं?"

"नही, आबा."

"मंग जित्ता मानूसना घरमा पानी नको का?"

ती तशीच उभी राहिली. घागरीच्या ओझ्यानं मान दुखत होती, आणि खाली ठेवायची की पुढं न्यायची हे ठरत नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं. या घरात फुकट गेलेलं तेवढंच.

नेमका त्याच वेळी गिरधर नाना ओटा चढला. हा आबाचा पुतण्या, कौतिकपेक्षा मोठा, म्हणजे नात्यानं भिकुबाईचा जेठ. जेठासमोर बाईनं तोंड दाखवायचं नाही आणि सरळ बोलायचं नाही. तिनं एका हातानं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. नाना आजारी चुलत्याजवळ रोज दुपारी येऊन बसायचा. ते पुण्य होतं आणि ओसरीवर वाराही होता. त्यानं म्हाताऱ्याचे डोळे पाहिले, घागर पाहिली, आणि दारातून आत वाकून मोकळी झालेली वाळूची आळी पाहिली.

"कौतिकनी बायको, हाई काय लावं? म्हातारा आखो मरना नही, अन् तू घर कोरडं करी टाकं? गाव काय म्हनी? झिपरूना घरमा त्याले मरताना पानी नव्हतं, असं म्हनी ना?"

भिकुबाई भिंतीला म्हणाली, "नानासले सांगा, पोर अवघडेल शे. तिले लागी. नानासनी विहीरवरथून दोन घागर मियाल्या तं मी एक बी माठ हालाडस नही."

हे ती दुसऱ्यांदा मागत होती. पहिल्यांदा जावेमार्फत, म्हणजे नानाच्या बायकोमार्फत मागितलं होतं आणि उत्तर जावेमार्फतच आलं होतं. या वेळी नाना स्वतः भिंतीला म्हणाला, "विहीरना तळ दिखी ऱ्हायना. बैलसलेच पुरत नही. बाळंतपन काय गावमा पहिलं शे? आन ते माठ पाछा."

पाछा म्हणजे परत. म्हणजे उन्हात पुन्हा तेवढ्याच फेऱ्या.  सुगंधाबाई माठ डोक्यावर चढवायला हात लावायला तेवढी आली. तिसऱ्या फेरीला भिकुबाईचा पाय उंबऱ्याला अडला, माठ चौकटीवर आदळला आणि फुटला. पाणी ओसरीवरून अंगणात गेलं. शेळी धावत आली. तिच्या जिभेला चिखल लागला.

"पाहं ना?" नाना म्हणाला. "हालाडं अन् फोडं."

भिकुबाईनं खापऱ्या गोळा केल्या. पदराआड तिचं तोंड काय करत होतं ते नानाला दिसलं नाही. या रीतीचा तेवढा एक फायदा.

सगळं परत जागेवर गेल्यावर आबानं पाणी मागितलं. तिनं तांब्या भरून दिला, हात आखडला नाही. म्हाताऱ्याच्या घशातून घोट उतरेना. पाणी ओठांच्या दोन्ही बाजूंनी मानेवर, मानेवरून छातीवर गेलं. तिनं ते फडक्यानं टिपलं, आणि आत जाऊन ते फडकं शेळीच्या पाटीत पिळलं. "भागनी का तहान, आबा?" तिनं येऊन विचारलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याचा तिच्यावर राग नव्हता, किंवा रागाला लागणारी ताकद नव्हती. दोन्हींत फरक करत बसायला भिकुबाईलाही ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला शेवंताला कळा सुरू झाल्या. ताईबाई आली. तिनं दार लोटून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "पानी तापाडाले ठेव."

भिकुबाईनं चुलीवर हंडा चढवला. आत लेक कण्हत होती, बाहेर म्हातारा घरघरत होता, मधे चूल. ती एकदा आत जायची, एकदा बाहेर. दोन्हीकडे एकच सांगायची, "व्हई जाई, व्हई जाई." कोणाचं काय व्हायचं ते ती ठरवत नव्हती.

उन्हं डोक्यावर आली. पाण्याला आधण यायला लागलं. कण्हण्याचं ओरडणं झालं होतं. "आते येळ नही," ताईबाई आतून म्हणाली. "आनखी एक हंडा ठेव. अन् गार पानी घमेलामा."

भिकुबाईनं घमेलं भरलं, आत दिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाहेरची घरघर ऐकू येत नाही.

ती ओसरीवर आली. आबाचं तोंड उघडं होतं. खालच्या ओठावर माशी बसली होती आणि ओठ हलत नव्हता. तिनं नाकाशी हात धरला. छातीवर कान ठेवला. मग ती त्याच्या उशाशी बसली.

हंबरडा तिच्या गळ्यापर्यंत आला होता. या माणसानं तिला कधी शिवी दिली नव्हती. वना गेला तेव्हा हा म्हातारा गोठ्यात जाऊन बैलाच्या मानेला धरून रडला होता, ते तिनं पाहिलं होतं. रडणं त्याच्या वाट्याचं होतं, हक्काचं होतं. पण एक हंबरडा फुटला की गल्ली भरणार. नाना येणार, अंगणात उभा राहून म्हणणार, पानी उलथा. रांजण उपसणार. चुलीवरचा हंडा उतरवून उकिरड्यावर ओतणार. आणि आत पोरगी रक्तात पडलेली.

तिनं हंबरडा गिळला. चादर ओढून नाकापर्यंत आणली, माशी बसायला नको म्हणून असते तशी. विंझणा उचलला आणि मेलेल्या माणसाला वारा घालायला लागली.

नाना जेवून आला. भिकुबाईनं पदर खाली ओढला.

"आबा कसा शे?"

"निजेल शेत म्हना," ती भिंतीला म्हणाली.

"बरं व्हयनं. कालदिन भलता तरास करी लिधा त्यानी." नाना ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खांबाला टेकला, उपरण्यानं घाम पुसला. "उन्हानी जीव गया. पानी दे घोटभर."

विंझणा थांबला. ते पाणी आता बाटलेलं. बाटलेलं पाणी माणसाला पाजलं तर पाप कोणाला, पिणाऱ्याला की पाजणाऱ्याला, हे तिला माहीत नव्हतं. नाही म्हणावं तर नाना उठणार, आत यायला निघणार, जाताना बाजेवर वाकणार. ती उठली. रांजणातून तांब्या भरून आणला आणि त्याच्यासमोर ठेवला.

नानानं मान मागं टाकून वरून धार धरली. गटागटा प्याला. पोट भरल्यावर राहिलेल्या पाण्यानं त्यानं खळखळून चूळ भरली आणि लांब अंगणात टाकली. भिकुबाईनं त्या ओलीकडे पाहिलं. मग पुन्हा विंझणा हातात घेतला.

आत मूल रडलं. बारीक, चिरका आवाज.

"काय शे?" नानानं विचारलं.

"पोरगी," ताईबाई दाराआडून म्हणाली. "पानी आन वं, भिकुबाई. ऊन आन."

"आबा," नाना बसल्या जागेवरून म्हणाला, "पनती उनी तुना घरमा." बाजेवरून काही हललं नाही. "झोप लागनी म्हाताराले," नाना स्वतःशीच म्हणाला, आणि उपरणं डोळ्यांवर घेऊन आडवा झाला. पोट भरलेलं, पाणी प्यालेला, सावली. थोड्या वेळात तो घोरायला लागला.

भिकुबाईनं हंडा आत नेला. शेवंताला पाटावर बसवून ताईबाईनं तिला स्वच्छ धुतलं. कंबरेपासून पायापर्यंत कढत पाण्याची धार धरली. फडकी बदलली, ती उकळून घेतली. तान्ह्या पोरीला न्हाऊ घातलं. घरात एवढं पाणी एका वेळी सांडलेलं भिकुबाईनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आज बाजेखाली परात नव्हती. लेकीच्या अंगावरचं पाणी मोरीतून वाहत होतं आणि तिला ते अडवावंसं वाटत नव्हतं. माठ सरले. रांजणाच्या बुडाशी वाकून तिनं शेवटचे तांबे काढले, गाळ आला तेव्हा थांबली.

ताईबाई हात पुसत बाहेर आली. आयुष्यभर येणारी माणसं पाहिलेल्या बाईला जाणारं माणूस ओळखू येतं. तिनं चादरीकडे पाहिलं, मग घोरणाऱ्या नानाकडे, मग भिकुबाईकडे.

"कव्हय?" तिनं हळूच विचारलं.

"तुनी घमेलं मागं, त्या येळे."

 ताईबाईनं बाजेवरची चादर नीट केली, एवढंच.

"पोरीनं व्हयनं ना बठ्ठं?" भिकुबाईनं विचारलं. "आनखी पानी लागी का?"

"नही. व्हयनं."

"मंग मी आते रडस," भिकुबाई म्हणाली.

आणि ती रडली. उशिरा आलं म्हणून ते रडणं खोटं नव्हतं. गल्ली भरली. नाना दचकून उठला, धावला, चुलत्याच्या पायावर पडला. मग भाऊबंद जमले तसा तो सावरला, कौतिकला आणायला खडीच्या कामावर माणूस धाडला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "पानी उलथा."

भिकुबाईनं माठ आणले आणि एकेक उलथला. बुडाला चिकटलेली वाळू तेवढी पडली. हंडा उलथला, बुडाची थोडी राख पडली. भाऊबंद बघत राहिले.

"बठ्ठं कोठे गयं?" नानानं विचारलं.

"बाळतीनले लागनं, नाना," ताईबाई म्हणाली.

पुरुष प्रेताला सरळ करायला वाकले. नानानं आबाचा हात धरला, छातीवर घ्यायला गेला. कोपर वाकेना. हात लाकडासारखा झाला होता. नाना तसाच हात धरून राहिला. त्यानं एवढी मढी सरळ केली होती, की आत्ता गेलेल्याचा हात कसा असतो आणि कधीचा गेलेल्याचा कसा, हे त्याला सांगायला नको होतं. त्याची नजर खांबाकडे गेली. तिथं त्याचा तांब्या अजून आडवा पडला होता.

त्यानं पदराकडे पाहिलं. पदराआडून काही दिसलं नाही.

चारचौघांत तोंड उघडायचं तर आधी स्वतःच्या तोंडाचं सांगावं लागलं असतं, की सुतकाचं पाणी आपण मान मागं टाकून प्यालो आणि वर चूळ भरली. नानानं एकदा ओठ उघडले. मग मिटले.

"चाला, येळ करू नका," तो म्हणाला. "न्हाऊ घालाना शे. मना सालदारले सांगा, विहीरवरथून दोन घागर आन म्हना."

जन्माला मागितल्या तेव्हा विहिरीचा तळ दिसत होता. मरणाला दोन घागरी लगेच निघाल्या. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि सालदार तर पळत गेला.

घागरी आल्या, काठोकाठ, निवळशंख. अंगणात ठेवल्या. पुरुषांनी आबाला पाटावर घेतलं. एकानं पहिली घागर रिकामी केली आणि दुसरीला हात घातला, तेव्हा भिकुबाई उठली. पदर तसाच होता, पण या वेळी ती भिंतीशी बोलली नाही.

"एकमा व्हयनं," ती म्हणाली. "दुसरी ऱ्हाऊ द्या."

घागरीवरचा हात नानाकडे बघत थांबला. सगळे नानाकडे बघायला लागले. नाना आबाच्या ओल्या पायांकडे बघत होता.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

सुगंधाबाई कोणी न सांगता पुढं झाली आणि घागर उचलून आपल्या घरी घेऊन गेली. थोड्या वेळानं ती तांब्या भरून आतल्या खोलीत शेवंताकडे गेली. ओट्यावर बायांचा आक्रोश चालला होता, तिरडीचे बांबू तासले जात होते. त्या सगळ्यात भिकुबाईला भिंतीपलीकडून लेक पाणी पिताना ऐकू आलं, मोठमोठे घोट, न थांबता. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लेकीचा, "मावशी, आखो शे का?"

"शे," सुगंधाबाई म्हणाली.

भिकुबाई भिंतीला टेकली. उद्या उजाडायच्या आत झिऱ्यावर नंबर लावायला हवा होता. तिचे डोळे मिटायला लागले. बाया म्हणाल्या, सुनेला सासऱ्याचं लईच लागलं, तिला शुद्ध राहिली नाही. कोणी तरी तिच्या तोंडावर पाणी मारायला आणलं. तिनं डोळे न उघडता तो तांब्या हातानं बाजूला सारला, सांडणार नाही इतक्या बेतानं.